गादी आणि गळा

गेल्या श्रावणातील एका रविवारी आमच्या जुन्या जालन्यातील घरी दोन वाद ऐकण्याचा योग आला. सकाळचा एक आणि रात्रीचा एक. निजावयास जाताना आमच्या ध्यानात आले की, ते वाद दोन नसून एकच होते; आणि सकाळच्या वादास हसणारे आम्ही, रात्रीच्या वादात स्वतःच हास्यास्पद ठरलो होतो. त्या ओशाळलेपणातून हा लेख जन्मास आला आहे.

सकाळचा वाद आमचा पुतण्या व त्याचे तीन मित्र यांच्यात झाला. ही मुले हेवी मेटल या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाश्चात्य संगीताची भक्त आहेत. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा गडगडाट आणि त्यावर चढलेली गायकाची आरोळी, यापलीकडे त्या संगीताचा आमचा परिचय नाही, हे प्रथमच कबूल करतो. वादाचा विषय होता ऑस्ट्रेलियातील एसी/डीसी नावाची मंडळी. तिचा गायक बॉन स्कॉट हा फेब्रुवारी १९८० मध्ये लंडन येथे अकाली वारला व त्याच्या जागी ब्रायन जॉन्सन हा गायक आला. या दोघांत त्या मंडळीचा ‘खरा’ गायक कोणता? एकाचे म्हणणे, स्कॉटबरोबर मंडळीही संपली. पुढे उरले ते केवळ नाव. दुसऱ्याचे म्हणणे, जॉन्सननेच तिला जगात मोठे केले. ही मंडळी हेवी मेटलमध्ये धरावी की त्याच्या शेजारच्या हार्ड रॉक नामक पंथात, असाही एक पोटवाद झाला. परंतु त्यात आम्ही पडत नाही. आम्हांस गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. तावातावाने भांडणाऱ्या त्या चौघांपैकी एकाचाही जन्म १९८० साली झालेला नव्हता. ज्या गळ्याचे सुतक ते पाळीत होते तो त्यांनी कधी समक्ष ऐकलाच नव्हता! आम्ही मनात हसलो आणि चहाचा पेला घेऊन आत गेलो.

रात्री गावात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. अंबडकडील एका तरुण मुलीने ‘स्वयंवर’ नाटकातील एक पद म्हटले. सुराला ती पक्की होती, शब्द स्वच्छ होते. मात्र पदाचा विस्तार तिने आपल्या बुद्धीने केला. ठरलेल्या जागी ठरलेली हरकत घेतली नाही, आणि जेथे कोणी थांबत नाही तेथे ती क्षणभर थांबली. आमच्या मागील रांगेतून एक नापसंतीचा सुस्कारा आला व पाठोपाठ शब्द आले, “हे बालगंधर्वांचे नव्हे.” आम्ही मान डोलावली. इतकेच नव्हे, परतीच्या वाटेवर तेच मत जरा अलंकारिक भाषेत पुतण्यास ऐकविले. तो मोटारसायकल चालवीत होता. वळणावर वेग कमी करून त्याने विचारले, “काका, बालगंधर्व तुम्ही समक्ष ऐकलेत का?”

बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी निवर्तले. तेव्हा आमचा जन्म व्हावयाचा होता. आम्ही ऐकले ते आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतून व परभणी आकाशवाणीवरून. घर येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

गायक बदलला म्हणजे रसिक इतका का दुखावतो, आणि त्या दुखावलेपणातून निघालेल्या मतास टीका या नात्याने किती किंमत द्यावी, हा प्रश्न विलायती मुलांचा नाही. तो आमच्या मराठी रंगभूमीने एकदा नव्हे, अनेकदा सोडविलेला आहे. फक्त आपण ते उत्तर विसरलो आहो.

आरंभ किर्लोस्कर नाटक मंडळीपासून करू. १८८२ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, त्यात सुभद्रा झाले होते बडोद्याहून आणलेले भाऊराव कोल्हटकर. भाऊरावांचा आवाज उंच, धारदार आणि भावनेने भारलेला होता, असे त्यांना ऐकणाऱ्या पिढीने एकमुखाने सांगितले आहे. १८८५ साली अण्णासाहेब गेले. तरी मंडळी टिकली, कारण गळा होता. १९०१ साली भाऊरावही गेले. त्यानंतरची चार-पाच वर्षे मंडळीस ओढग्रस्तीची गेली. मग नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण मंडळीत आला. भाऊरावांवर वाढलेल्या कानांस हा गळा परका वाटणे स्वाभाविकच होते. तेथे तलवारीची धार, येथे मोरपिसाचा स्पर्श. तेथे वेग, येथे लाघव. ज्यांनी केवळ भाऊरावांच्या मापाने नारायणरावांस मोजले असेल त्यांस ते उणेच दिसले असणार. आणि गंमत ही की, ज्या बालगंधर्वांच्या मापाने आज आम्ही अंबडच्या मुलीस मोजतो, तेच बालगंधर्व एके काळी ‘बदली गायक’ होते!

ते स्वतःच्या पायावर उभे राहिले ते केव्हा? शकुंतला व सुभद्रा या जुन्या भूमिका त्यांनी गाजविल्या हे खरे. परंतु त्यांचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १२ मार्च १९११ रोजी, खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ने. गोविंदराव टेंब्यांनी त्या नाटकास ज्या चाली दिल्या त्या भाऊरावांच्या गळ्यासाठी नव्हत्या. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी तेच केले. नव्या गळ्यास नवे गाणे मिळाले आणि तुलनेचा आधारच नाहीसा झाला. भामिनी व रुक्मिणी या भूमिकांत भाऊरावांस कोणी ऐकलेच नव्हते. मग तुलना करावयाची कोणाशी? आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. जुन्याच पदांत नव्यास उभा करणे म्हणजे त्यास मृताच्या अंगरख्यात उभे करणे होय. बाही लांब झाली तरी दोष त्याचा, आखूड झाली तरी त्याचाच.

१९१३ साली याच मंडळीत दुसरे नाट्य घडले. बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आता गादी एकीकडे राहिली आणि गळा दुसरीकडे गेला. किर्लोस्करांचे नाव, परंपरा आणि जुना लौकिक शंकरराव मुजुमदारांच्या हाती. परंतु जिच्यासाठी लोक तिकीट काढीत ती वस्तू उठून गेलेली. मूळ मंडळी कोणती म्हणावी? सकाळी आमच्या माजघरात हाच प्रश्न इंग्रजी नावांनी चालला होता. इतिहासाने दिलेले उत्तर मात्र गादीवाल्यांस आणि गळेवाल्यांसही विचारात पाडणारे आहे. किर्लोस्कर मंडळीने हाय खाल्ली नाही. तिने एक पोरसवदा गळा शोधून काढला. तो दीनानाथ मंगेशकर यांचा. परंतु त्या गळ्यास पुरेल असे नवे गाणे मंडळीस देता आले नाही. १९१८ साली दीनानाथ चिंतामणराव कोल्हटकर प्रभृतींसह बाहेर पडले व बळवंत संगीत मंडळी निघाली. दुसऱ्याच वर्षी गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ त्यांच्या हाती आले आणि दीनानाथांची लतिका लोकांनी डोक्यावर घेतली. पुन्हा तेच! नवा गळा नव्या नाटकात रुजला.

दीनानाथांनी पुढे ‘मानापमान’ही केले. त्यात धैर्यधर होताना त्यांनी कित्येक पदांस स्वतःच्या चाली व स्वतःचे वळण दिले. टेंब्यांच्या मूळ चालींशी परिचय असलेल्या श्रोत्यांस ते खटकले असल्यास नवल नाही. परंतु आज जालन्यात किंवा जळगावात कोणी तरुण धैर्यधराचे पद म्हणू लागला आणि त्यात दीनानाथांची ती झेप दिसली नाही, तर आमच्यासारखेच कोणी मागील रांगेतून म्हणतात, “हे मूळ नव्हे!” कालचा अपराध आज शास्त्र होऊन बसला. परंपरेच्या पहारेकऱ्यांनी हा एक दाखला उशाशी ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

येथे एक शंका येईल. भाऊरावांच्या भक्तांनी नारायणरावांस अखेर स्वीकारले. मग बालगंधर्वांचे भक्त पुढच्या कोणास का स्वीकारीत नाहीत? आजची पिढी अधिक कोत्या मनाची आहे काय? तसे आम्हांस वाटत नाही. कारण अगदी साधे, यंत्राचे आहे. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रण आरंभिले ते १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्यास. भाऊराव त्यापूर्वीच निवर्तले होते. त्यांचा आवाज उरला तो केवळ आठवणींत. आणि आठवण मोठी दयाळू असते. ती हळूहळू फिकट होते, नव्यास जागा करून देते, आणि ज्यांच्या ठायी ती असते त्यांच्याबरोबर जाते. बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या आणि हा दयाळूपणा संपला. तबकडी फिकट होत नाही, म्हातारी होत नाही. भाऊरावांच्या वारसास माणसांच्या स्मृतीशी झुंजावे लागले. बालगंधर्वांच्या वारसास स्वतः बालगंधर्वांशीच झुंजावे लागते, आणि तेही त्यांच्या ऐन भरातील गळ्याशी.

परंतु ही झुंजही खरी नव्हे. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. रंगभूमीवर बालगंधर्व एकेक पद किती वेळ आळवीत, ‘वन्समोअर’ मिळाल्यावर तेच पद पुन्हा कसे निराळ्या वळणाने मांडीत, आणि नाटक पहाटेपर्यंत कसे रंगे, याच्या कथा आपण सारेच ऐकत आलो आहो. जो गायक एकाच रात्री एकच पद दोनदा सारखे म्हणत नसे, त्याच्या हजारो रात्रींतील तीन मिनिटे आपण हाती धरून बसलो, आणि त्यांसच त्याची गायकी समजू लागलो. अंबडच्या मुलीने त्या तीन मिनिटांच्या बाहेर पाऊल टाकले. म्हणजे तिने बालगंधर्वांचा अव्हेर केला की त्यांचेच खरे अनुकरण केले? मागील रांगेतील सुस्काऱ्यास आम्ही मान डोलाविली तेव्हा हा प्रश्न आमच्या मनास शिवला नव्हता.

आता असे कोणी म्हणेल की, हुबेहूब तसाच गळा मिळाला तर रसिकांचे समाधान होईलच. तोही प्रयोग होऊन गेला आहे. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी गंधर्व नाटक मंडळीत आल्या आणि ज्या स्त्रीभूमिका बालगंधर्वांनी अजरामर केल्या त्यांत त्या उभ्या राहिल्या. बालगंधर्वांच्या गायकीची त्यांनी केलेली उपासना इतकी कडक होती की, त्यांची तबकडी ऐकताना जाणत्यांचाही क्षणभर घोटाळा व्हावा. मग रसिकांचे समाधान झाले काय? नाही. उलट गोहरबाईंच्या वाट्यास जितका रोष आला तितका क्वचितच कोणा वारसाच्या वाट्यास आला असेल. आणि येथे आपण प्रामाणिक असावयास हवे. तो सारा रोष सुरांचा नव्हता. त्या स्त्री होत्या, मुसलमान होत्या, आणि आपल्या दैवताच्या खाजगी आयुष्यात त्यांनी स्थान मिळविले याचा राग भक्तांच्या मनात होता. ‘गाणे बिघडले’ या वाक्याआड पुष्कळदा दुसरेच काहीतरी बिघडलेले असते. टीकाकाराचे पहिले कर्तव्य म्हणजे ते दुसरे काहीतरी उचलून बाजूस ठेवणे. आणि मग जे उरेल त्याविषयी बोलणे. गोहरबाईंच्या बाबतीत ते बाजूस ठेवले तर उरते ते इतकेच की, त्यांच्या गळ्यास स्वतःचे असे नाटक मिळाले नाही. त्या अखेरपर्यंत दुसऱ्याच्या आरशात दिसत राहिल्या.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी आम्हांस याला जोड अशी एक हकीकत सांगितली. इंग्लंडातील ज्युडास प्रीस्ट या मंडळीचा रॉब हॅलफर्ड नावाचा गायक सोडून गेल्यावर तिने १९९६ साली टिम ओवेन्स या अमेरिकन तरुणास घेतले. हा तरुण त्यापूर्वी त्याच मंडळीची गाणी हुबेहूब म्हणणाऱ्या एका स्थानिक चमूत गात असे. गळा जुन्यास तोडीस तोड. तरीही २००३ साली हॅलफर्ड परतला आणि ओवेन्सास जागा रिकामी करावी लागली. एसी/डीसीचे मात्र निराळे झाले. स्कॉटच्या मृत्यूस सहा महिने होण्यापूर्वीच, जुलै १९८० मध्ये, त्या मंडळीने जॉन्सनच्या गळ्याची नवी गाणी बाहेर काढली. ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन सुतकाचे म्हणून काळे ठेवले आणि आत सारे गाणे नवे. दुःख वेष्टनावर आणि काम आत, ही वाटणी आम्हांस फार शहाणपणाची वाटली. पुढे ती ध्वनिमुद्रिका जगात सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक ठरली.

असेच शहाणपण आमच्या ललितकलादर्श मंडळीने त्यापूर्वी अठ्ठावन्न वर्षे दाखविले होते. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीस ही मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्या रात्री कोणाची सरशी झाली यावर दोन्ही पक्षांचे भक्त पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. परंतु त्या भांडणातील एक पक्षकारच तीन महिन्यांच्या आत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर रोजी केशवराव वारले. वय अवघे एकतीस. मंडळीचा भार बापूराव पेंढारकरांवर पडला. केशवरावांची जबडेदार तान बापूरावांपाशी नव्हती, आणि तशी ती आहे असे त्यांनी भासविलेही नाही. १९२२ साली त्यांनी मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे चालू काळाचे नाटक रंगभूमीवर आणले. पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने खऱ्या घरासारखे घर उभे केले, वझेबुवांनी चाली दिल्या, आणि ललितकलादर्श म्हणजे केवळ एक गळा नव्हे, हे लोकांस पटविले. १९३७ साली बापूराव वारले तोवर मंडळी चालली. हिशेब केला तर संस्थापकापेक्षा वारसाची कारकीर्द अधिक वर्षांची भरते. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती पुन्हा उभी केली आणि १९६० साली ‘पंडितराज जगन्नाथ’ हे नवे संगीत नाटक दिले.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालावयाचे नाही. आपले संगीत गुरुमुखातून आलेले. त्यात अनुकरणावाचून विद्या नाही. गुरूने घेतली तशी जागा शिष्याने शंभर वेळा घ्यावी तेव्हा कोठे ती गळ्यावर चढते. मग नक्कल वाईट कशी? आमचे उत्तर असे की, अनुकरण ही तालीम आहे, मुक्काम नव्हे. बालगंधर्वांस भास्करबुवांची तालीम मिळाली. म्हणून त्यांनी मैफलीत भास्करबुवा होण्याचा हट्ट धरला नाही, आणि बुवांनीही तो धरू दिला नाही. गुरू शिष्याकडून नक्कल करवून घेतो ती त्याचा गळा मोकळा व्हावा म्हणून. श्रोता नक्कल मागतो ती आपले गेलेले दिवस परत मिळावे म्हणून. पहिली मागणी विद्येची आहे, दुसरी शोकाची. शोक पवित्र असेल. परंतु त्याने गाणाऱ्याचा गळा दाबू नये.

या दुसऱ्या मागणीचे फळ काय, ते आपल्या जिल्ह्यातच पाहावे. नाट्यगीतांचे कार्यक्रम होतात, स्पर्धा होतात, गुणी मुलेही पुष्कळ दिसतात. पदे मात्र तीच, जागा त्याच, आणि उत्तम गाण्याची व्याख्या म्हणजे तबकडीशी जास्तीत जास्त साम्य. जुनी पदे म्हणावीत. ती आपली ठेव आहे. परंतु ज्या कलेत पन्नास वर्षे सोळा-सतरा वर्षांच्या गळ्यांस केवळ मृतांचे अंगरखे चढविले जातात, ती कला परंपरा राहत नाही, वस्तुसंग्रहालय होते. १९६७ साली पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी ‘कट्यार काळजात घुसली’स संगीत दिले आणि त्यात वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहिले. त्या वेळीही संगीत नाटक संपले असे म्हणणारे होतेच. नवा गळा व नवे गाणे एकत्र आले आणि मेलेली म्हटलेली वस्तू उठून बसली.

तेव्हा आमची सूचना लहानशी आहे. आपल्याकडील प्रत्येक नाट्यगीत-कार्यक्रमाच्या योजकांनी गाणाऱ्यास निदान एक पद असे म्हणावयास सांगावे की, ज्याची तबकडी कोणाच्याही घरी नाही. नवे रचलेले, त्याच्याच गळ्यासाठी बांधलेले. ते फसेलही. फसले तरी चालेल. आयर्न मेडन या मंडळीत १९९४ पासून पाच वर्षे ब्लेझ बेली नावाचा गायक होता. भक्तांनी त्यास झिडकारले आणि जुना ब्रूस डिकिन्सन परत आला. परंतु बेलीच्या काळात रचलेली काही गाणी डिकिन्सन पुढेही मंचावर गात राहिला. पुतण्या म्हणतो, ती आज भक्तांची आवडती आहेत. गायक नापास झाला, गाणे उरले.

त्या मुलीचे नाव आम्ही त्या रात्री ऐकूनही लक्षात ठेवले नव्हते, याची आता लाज वाटते. अंबडास दत्तजयंतीच्या निमित्ताने गाण्याचा मोठा उत्सव होत असतो. यंदा तेथे जाण्याचे आम्ही ठरविले आहे. ती किंवा तिच्यासारखी कोणी गावयास बसली तर पुढच्या रांगेत बसून ऐकू. पुतण्याही येतो म्हणाला आहे. त्याच्या बदल्यात जॉन्सनची ती काळ्या वेष्टनातील गाणी अथपासून इतिपर्यंत ऐकण्याचे वचन त्याने आमच्याकडून घेतले आहे.